जिभाऊ आणि चौदा-पंधराची गल्ली

जिभाऊ आमच्या घरी आले की आधी बसत नाहीत. चपला काढतात, "पाणी नको" म्हणतात आणि सरळ आतल्या खोलीत जाऊन लोखंडी कपाट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत शिरायला बघतात. आधी उजवा खांदा जातो, मग उजवा पाय, मग पोट येतं आणि काम अडतं. मग ते सगळा श्वास बाहेर सोडतात, डोळे मिटतात, आणखी बोटभर आत सरकतात आणि तिथूनच ओरडून विचारतात, "कितलं राहिनं?" म्हणजे किती राहिलं.

मी बाहेर साडीला खडे चिकटवत बसलेली असते. हातातला चिमटा ठेवून उठते, जाऊन बघते आणि सांगते, "चार बोटं."

"काल साडेतीन म्हणाली होतीस."

"काल तुम्ही जेवायच्या आधी आला होतात."

माझी नणंद पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आली तेव्हा तिला कुणी हे सांगितलंच नव्हतं. ती कपाटातून टॉवेल काढायला गेली आणि बाजूच्या फटीतून एक डोळे मिटलेला जाडजूड माणूस "कितलं राहिनं?" असं म्हणाला. ती अजूनही आमच्याकडे आली की टॉवेल घरूनच घेऊन येते.

आता हे काय प्रकरण आहे ते सांगते, नाहीतर तुम्हाला आमचं घरच वेडं वाटेल.

जिभाऊ सुरतेच्या डिंडोलीत आमच्या समोरच्या दारात राहतात. जिभाऊ हे काही त्यांचं नाव नव्हे. आमच्या खानदेशात थोरल्या भावाला मानानं जिभाऊ म्हणतात. कागदावरचं नाव भटू. पण अख्खी बिल्डिंग त्यांना जिभाऊ म्हणते, खालचा ओडिया दुकानदार म्हणतो, त्यांचे गुजराती शेठसुद्धा म्हणतात. माझं मत विचाराल तर या नावात जीभ आहे ती उगीच नाही.

जिभाऊ लूममास्तर आहेत. आमचे हे ज्या खात्यात लूम चालवतात, त्याच खात्यात. सुरतेत लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्याला खातं म्हणतात. तिथं लूम बिघडला की तो बरा करायचा हे जिभाऊंचं काम. आमचे हे सांगतात, जिभाऊ लूमला आधी हात लावत नाहीत, नुसता तळवा जवळ धरतात आणि म्हणतात, "याचं डावीकडे दुखतंय." आणि डावीकडेच निघतं.

त्या खात्यात चौदा नंबर आणि पंधरा नंबरच्या लूममध्ये एक गल्ली आहे. गल्ली म्हणजे दोन विती आणि वर थोडी. मागच्या बाजूला काही बिघडलं तर तिथूनच, तिरकं होऊन, जावं लागतं. तीस वर्षं जिभाऊ तिथून गेले. गेल्या दिवाळीनंतर एक दिवस गेले आणि आलेच नाहीत. मध्येच अडकले. दोन्ही लूम बंद केले, चौघांनी हात धरून ओढलं, तेव्हा शर्टाची तीन बटणं आत ठेवून जिभाऊ बाहेर आले.

शेठ चांगला माणूस. तो रागावला नाही, हीच पंचाईत झाली. रागावला असता तर जिभाऊही रागावले असते. तो मायेनं म्हणाला, "जिभाऊ, हवे आराम करो. गेट पर खुरशी मुकावी दउं." म्हणजे आता गेटवर खुर्ची टाकून देतो, आराम करा.

खुर्ची! जिभाऊ तो शब्द असा उच्चारायचे की जणू शेठनं त्यांना तिरडी देऊ केली होती. त्यांनी शेठकडून मुदत मागून घेतली. पुढच्या दसऱ्याला, मशीनपूजेच्या दिवशी, सगळ्यांसमोर चौदा-पंधराच्या गल्लीतून जाऊन दाखवीन. गेलो तर मास्तर, अडकलो तर खुर्ची. आणि त्याच संध्याकाळी गल्लीच्या मापाची दोरी घेऊन ते आमच्याकडे आले, कपाट सरकवलं आणि फट बरोबर तेवढी केली.

"तुमच्या घरी पण कपाट आहे," मी म्हटलं.

त्यावर जिभाऊंनी दारात जाऊन आवाज बंद केला आणि नुसते ओठ हलवले. ही लूमवाल्यांची सवय. खात्यात इतका खडखडाट असतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून ही माणसं ओठांनी बोलतात आणि डोळ्यांनी ऐकतात. घरी आल्यावर एरवी दारातून हाक मारली तरी खालच्या मजल्यावरचे दार उघडतात, पण गुपित असलं की आवाज बंद आणि ओठ चालू. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर मलाही थोडंफार वाचता येतं. ओठ म्हणाले, "अक्काला सांगू नको."

अक्का म्हणजे त्यांची बायको. तिला खुर्चीचं कळलं तर ती घाबरेल, असं त्यांचं म्हणणं.

मग मी त्यांना संक्रांतीनंतर डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण, गुजराती, हसरे. त्यांनी जिभाऊंना काट्यावर उभं केलं, रक्त तपासायला लिहून दिलं आणि समजावून सांगितलं, की उपाशी राहायचं नाही, फक्त ताट बदलायचं. अर्ध्या ताटात शाक, म्हणजे भाज्या, आणि रोटली ओछी, म्हणजे पोळ्या कमी. रोज पापडी खाव, भाजी खाव, फळ खाव. आणि उन्हाळ्यात केरी बंध. जिभाऊ इतक्या आज्ञाधारकपणे मान हलवत होते की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

परत येताना त्यांनी रिक्षा फरसाणाच्या दुकानापाशी थांबवली आणि पाव किलो पापडी बांधून घेतली. तळलेली. वर हिरवी मिरची आणि संभारा, म्हणजे कच्च्या पपईचा परतलेला कीस.

"जिभाऊ, डॉक्टर वालाच्या शेंगांची पापडी म्हणाले."

"शेंगा असं म्हणाले का? पापडी म्हणाले. तू पण होतीस."

"आणि भाजी?"

"खातो की. बटाट्याची."

इथं एक सांगितलं पाहिजे. गुजरातीत भाजी म्हणजे पालेभाजी. मेथी, पालक, तांदळजा. तीस वर्षं सुरतेत काढलेल्या माणसाला हे माहीत नसेल? जिभाऊ शेठशी गुजराती बोलतात, दुकानदाराशी हिंदी, घरी अहिराणी आणि माझ्याशी, मी जळगावच्या शाळेत शिकलेली म्हणून, जरा इस्त्री केलेली मराठी. चार भाषा खिशात. पण खाण्याची गोष्ट आली की त्यांचं शास्त्र ठरलेलं होतं. "बोलणारा कुठल्याही भाषेत बोलो, ऐकताना आपल्या सोयीच्या भाषेत ऐकायचं."

त्या थंडीत त्यांनी उंधियुंसुद्धा औषध म्हणून खाल्लं. त्यात शेंगा आहेत, कंद आहे, वांगं आहे, रताळं आहे, मग अर्ध्या ताटात कशाला, पूर्ण ताटातच भाजी झाली की! वरचा तेलाचा तवंग त्यांनी बघितला नाही. तवंगाला गुजरातीत काय म्हणतात ते आपल्याला माहीत नाही, म्हणाले.

खरा कहर उन्हाळ्यात झाला. डॉक्टरांनी केरी बंद सांगितली होती. गुजरातीत केरी म्हणजे आंबा, हे सुरतेतल्या तान्ह्या पोरालाही कळतं. जिभाऊंनी मात्र मराठी माणसाचा कडक बाणा दाखवला. कैरी बंद म्हणजे बंद! अक्कांनी कैरीचं लोणचं घातलं, हे शिवले नाहीत. मी पन्हं दिलं, पेला बाजूला सारला. "डॉक्टरनी कैरी बंद केलीय," असं सगळ्या बिल्डिंगला ओरडून सांगितलं. आणि रोज संध्याकाळी खात्यातून येताना पिशवी भरून पिकलेले आंबे आणले. केसर झाला, लंगडा झाला, राजापुरी झाला. फळ खा असंही डॉक्टरच म्हणाले होते ना?

आषाढ लागला तेव्हा कपाटाच्या फटीत जिभाऊंचा फक्त खांदा जात होता.

मी चिडले. मी आहेच तशी, मला वेळेवर चिडता येतं. म्हटलं, "जिभाऊ, दसऱ्याला तुम्ही गल्लीत अडकणार आणि शेठ खुर्चीला हार घालून बसणार. मला काय, मी टाळ्या वाजवीन. पण इथं येऊन माझं कपाट हलवू नका."

ते खाली बसले. पहिल्यांदाच, न मोजता. म्हणाले, "खुर्चीवर बसून काय करू सांग? गेटवर लूमचा आवाज येतो, पण कुठला लूम काय म्हणतोय ते नाही कळत." आणि त्या दिवशी कपाटाला हात न लावताच घरी गेले. जिभाऊंचं "कितलं राहिनं?" ऐकू आलं नाही की बिल्डिंगला चुकल्यासारखं होतं. मलाही झालं.

पण एवढं कळत असून हा माणूस सुधारत का नाही, ते मला काही कळेना. त्याचं उत्तर श्रावणात मिळालं, एका वाटीत.

अक्कांचा हात म्हणजे काय होता, ते जुन्या लोकांना विचारा. डिंडोलीत कुणाचं बारसं असो की सत्यनारायण, फोडणी द्यायला अक्का. त्यांचं वांग्याचं भरीत, त्यांची शेवभाजी, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी. भाजीची वाटी समोरच्या दारातून आमच्याकडे यायची आणि मी केलेला स्वयंपाक त्या दिवशी कुत्र्याला जायचा. पण गेली दोन वर्षं एक विचित्र गोष्ट चालली होती. अक्का वाटी पाठवायच्या आणि वाटीमागून जिभाऊ यायचे. धापा टाकत. "चुकून आली," म्हणायचे आणि वाटी उचलून, जिन्यात उभं राहून, स्वतःच संपवायचे. आम्ही म्हणायचो, काय हावरट म्हातारा आहे, शेजारच्या तोंडातला घास काढतो! आमच्या ह्यांनी तर त्यांना तसं तोंडावर म्हटलंही होतं. जिभाऊ नुसते हसले होते.

त्या दिवशी जिभाऊ कामावर होते. अक्कांनी स्वतः दारात येऊन मला गिलक्याच्या, म्हणजे घोसाळ्याच्या, भाजीची वाटी दिली. मी पहिला घास घेतला आणि तो मला गिळता येईना. इतकं मीठ की जीभ आत ओढली गेली. मीठ दोनदा पडलं असेल, होतं कधी, असं म्हणून मी वाटी झाकून ठेवली. संध्याकाळी जिभाऊ आले, कपाटाकडे निघाले आणि ओट्यावरची वाटी बघून जागच्या जागी थांबले.

"खाल्लीस?"

"एकच घास," मी म्हटलं.

जिभाऊंनी दार लावून घेतलं. आता ओठ चालतील असं मला वाटलं, पण ते बोलले. हळू आवाजात त्यांना बोलता येतं हे मला तेव्हा कळलं. आणि इस्त्रीची मराठीही सुटली. "तिले सांगू नको, माय. तिना तोंडनी चव गयी. दोन वरीस व्हई गयात. तो ताप ऊना व्हता ना, तवपाईन. वास नही, चव नही."

दोन वर्षांपूर्वीच्या त्या तापापासून चव गेलेली, चाखून बघता येत नाही, म्हणून मीठ घातलं की नाही याची अक्कांना खात्री वाटेना. मग कधी दोनदा पडायचं, कधी पडायचंच नाही. सुरुवातीला एकदा जिभाऊ बोलून गेले की जरा खारट झालं. "तिनी बठ्ठं पातेलं मोरीमा वती दिनं. दोन दिन जेवनी नही." सगळं पातेलं मोरीत ओतलं आणि दोन दिवस जेवल्या नाहीत. तेव्हापासून अक्का रोज विचारायच्या, मीठ बरोबर आहे ना? आणि जिभाऊ म्हणायचे, एकदम! आणि एकदम असेल तर ताटात उरून कसं चालेल? म्हणून दुसऱ्यांदा घ्यायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं, पातेलं पुसून संपवायचं. वाटी कुणाकडे गेली तर धावत जाऊन आणायची, नाहीतर कुणीतरी बोलून जाईल. आणि मग खारवलेलं तोंड धुवायला बाहेर पापडी, उंधियुं, आंबा.

मी ज्याला हावरट म्हणत होते तो माणूस दोन वर्षं हे असं जेवत होता. मला स्वतःची लाज वाटली आणि रडूही आलं, पण मी लगेच चिडले, कारण मला तेच जमतं. म्हटलं, "मग आता? अक्कांचं पोटभर खाल्लं तर गल्ली गेली. गल्ली धरली तर अक्कांचं ताटात टाकावं लागणार."

"तेच तर," जिभाऊ म्हणाले. "कपाटाचं काय घेऊन बसलीस, इथं अडकलोय मी."

मी एक युक्ती काढली. कच्चं खायचं. काकडी, मुळा, टोमॅटो, गाजर, कोबी, पेरू. त्याला कुणाचाच हात लागत नाही, त्यामुळे कुणाचा हात बिघडलाय असा प्रश्नच येत नाही. डॉक्टरही हेच सांगत होते. तर जिभाऊंनी खात्यातून आल्यावर आधी माझ्या ओट्याशी उभं राहून ताटभर कच्चं खायचं, म्हणजे घरी भूक कमी लागेल. त्यांनी मन लावून खाल्लं, नाही म्हणत नाही. मुळा पाल्यासकट खाल्ला. पण घरी जाऊन तीन भाकरी आणि पातेलंही संपवलं. प्रेमापुढे काकडी काय करणार! आठ दिवसांनी फट होती तेवढीच होती आणि मी मात्र रोज दोन किलो भाजी चिरत होते.

आणि मग एक दिवस दुपारी अक्का आल्या. साडीचा पदर खोचून माझ्यासमोर बसल्या, खड्यांची डबी हातात घेतली आणि मला मदत करता करता म्हणाल्या, "दसराले कितला दिन राहिनात?"

मी म्हटलं, "का हो?"

"गल्लीमाईन जाणं शे ना त्यास्ले."

गल्लीतून जायचंय ना त्यांना! माझ्या चिमट्यातला खडा पडला. मी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? अक्का माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मीच वेडी. म्हणाल्या, तीस वर्षं लूमवाल्याशी संसार केला, ओठ वाचता येणार नाहीत? ते तुझ्या दारात उभे राहून आवाज बंद करून बोलतात, आणि माझं दार समोर. "त्यास्ले वाटस, आवाज नही म्हनजे माले समजत नही."

गुपित सांगायला आवाज बंद करणारा हा माणूस विसरूनच गेला होता, की ओठांची भाषा त्यानंच बायकोला शिकवली आहे. लग्नानंतर पहिली काही वर्षं खात्यातून घरी आल्यावर कान इतके बधिर असायचे की ते ओठांनीच बोलायचे, आणि अक्का त्यातूनच शिकल्या होत्या. खुर्ची, दसरा, कपाट, सगळं त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"आणि मिठाचं?" मी भीत भीत विचारलं.

"चव गयी, डोया नही गयात माय," अक्का म्हणाल्या. "त्या जेवताना तीन-तीन गलास पानी पेतस. माले दिखत नही का? मी रोज इचारस, मीठ बराबर शे ना? त्या म्हंतस, एकदम. त्यास्ले सांगाले आवडस, माले आयकाले आवडस."

ते तीन-तीन पेले पाणी पितात ते दिसतं मला, पण त्यांना सांगायला आवडतं, मला ऐकायला आवडतं. खडे लावता लावता हे असं सांगून त्या मोकळ्या झाल्या. मला पुढची साडी दिसेना.

पण अक्का काही रडायला आल्या नव्हत्या, त्या ठरवून आल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी घरात जाहीर केलं, की आता वय झालं, ओट्याशी उभं राहवत नाही, दोघांपुरती एकेक भाकरी टाकीन. भाजी मात्र भरपूर, कारण ती बसून चिरता येते. दुधी, दोडके, गिलकं, गवार, लाल भोपळा, मेथी. तीही अळणी शिजवायची आणि मीठ ताटाच्या कडेला वाढायचं, ज्याचं त्यानं घ्यावं. कमी-जास्त होण्याचा वादच नको.

जिभाऊ त्या रात्री आमच्याकडे आले तेव्हा इतके खूश होते की कपाट विसरले. "अक्काला स्वयंपाकाचा कंटाळा आलाय! एकच भाकरी! सुटलो!" आवाज बंद करून म्हणाले, म्हणजे अक्कांना समोरच्या दारातून नीट वाचता आलं. मी पडदा ओढला. त्या दिवसापासून माझी अवस्था फार वाईट झाली. याचं गुपित तिला सांगायचं नाही, तिचं गुपित याला सांगायचं नाही, आणि दोघंही दिवसातून दोनदा येऊन माझ्याकडे मन मोकळं करणार. आमचे हे म्हणाले, तू बारीक होत चाललीस.

आता गंमत ऐका. ताटाच्या कडेला मीठ असायचं. जिभाऊंनी ते एकदाही घेतलं नाही. मीठ घेतलं तर भाजीत मीठ नव्हतं असा अर्थ होईल, आणि अक्कांना लागेल! अळणी दुधी, अळणी गवार, अळणी भोपळा, आणि तोंडानं एकदम, एकदम. अक्कांनी विचारलं, मीठ घेत नाही का? हे म्हणाले, कशाला, तू बरोबर घातलंयस. अक्का रोज ती मिठाची चिमूट, जशीच्या तशी, परत बरणीत टाकायच्या आणि दुसऱ्या दिवशी मला सांगायच्या. हसत सांगायच्या, पण पूर्ण हसत नव्हत्या.

बाहेरचं मात्र सुटलं. तोंड खारट होईना म्हणून धुवायला पापडी लागेना. डबा उघडला की आधी काकडी, मग मेथी, मग अर्धी भाकरी. खात्यातले लोक त्यांना चिडवायचे, जिभाऊ, तुम्हाला आता शेपूट फुटेल. ते म्हणायचे, फुटू दे, गल्लीत शेपूट मावतं. भाद्रपदात फटीत पोट शिरलं. पितृपक्षात ते अर्ध्यावर पोचले आणि तिथून मला म्हणाले, "इथं तुझं एक कानातलं पडलंय." तीन वर्षांपूर्वी हरवलं होतं.

दसऱ्याला खात्यात बायकापोरं जातात. मी दरवर्षी जाते. पण खातं बंद असताना तिथं उभं राहिलं की दरवर्षी चमत्कारिकच वाटतं. एरवी भिंती थरथरत असतात, त्या दिवशी झेंडूच्या माळा घातलेले लूम गप्प उभे असतात, आणि सगळे लोक सवयीनं उगीच मोठमोठ्यानं बोलत असतात. शेठनं नारळ फोडला, पेढे वाटले. मग सगळे चौदा-पंधराच्या तोंडाशी जमले. कुणीतरी वात्रटपणे गेटवरची खुर्चीही आणून ठेवली होती.

जिभाऊंनी नवा शर्ट घातला होता. माझ्याकडे बघितलं. अक्का माझ्या शेजारी उभ्या होत्या, हातात डबा, आणि त्यांना काहीच माहीत नाही असं तोंड. खांदा गेला, पाय गेला, पोट आलं. पोट गेलं! आमच्या ह्यांनी टाळी वाजवली. आणि मध्यावर गेल्यावर जिभाऊ थांबले.

शेठ पुढे झाला. "जिभाऊ? फसाई गया?" अक्कांनी माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली. मग आतून खुडबुड झाली, लोखंडावर लोखंड वाजल्याचा आवाज आला, आणि जिभाऊ ओरडले, "पंधराचा नट ढिला आहे! कोण बघतं का नाही मागून?" पाना त्यांच्या खिशात होता. नट आवळून, हात पुसत, ते पलीकडच्या बाजूनं बाहेर आले. शेठनं खुर्ची ओढली आणि हसत हसत स्वतःच तिच्यावर बसला.

मग आम्ही सगळे तिथंच, लूमच्या शेजारी जमिनीवर, जेवायला बसलो. अक्कांनी डबा उघडला. लाल भोपळ्याची भाजी, भाकरी, काकड्या. आमच्या ह्यांनी घास घेतला आणि म्हणाले, "मीठ..." जिभाऊंनी त्यांच्याकडे असं बघितलं की पुढचे शब्द घासाबरोबर आत गेले.

अक्कांनी पुडीतलं मीठ चिमटीत घेतलं. जिभाऊंच्या भाजीवर स्वतःच्या हातानं भुरभुरवलं. म्हणाल्या, "घ्या आते. दोन महिना व्हयनात, अळणी खातस. माले माहीत शे. आनी पहिलं बठ्ठं खारं खाधं, ते बी माहीत शे."

जिभाऊ माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवली, मी नाही सांगितलं. त्यांचे ओठ काहीतरी म्हणायला हलले आणि थांबले. समोर बसलेल्या बायकोला ते वाचता येतात, हे त्यांना त्या क्षणी आठवलं असावं. तेवढा मोठा माणूस, गल्लीतून बाहेर आला तेव्हा हसत होता, आता त्याला घास उचलता येईना.

मग त्यांनी विचारलं. दोन वर्षांत पहिल्यांदा विचारलं असणार, कारण एकदम म्हटल्यावर पुढे काही विचारायची सोयच नव्हती. "तुले काहीच लागत नही का?"

अक्कांनी थोडा विचार केला. जणू हे त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं, म्हणून नीट बघून सांगायला हवं. "थंडं समजस. ऊनं समजस," त्या म्हणाल्या. "आनी काकडी समजस. दातखाले वाजस ना."

जिभाऊंनी डब्यातली काकडी उचलली. सुरी नव्हती. दोन हातांनी मोडली आणि मोठा तुकडा अक्कांना दिला. दोघं लूमला पाठ टेकून बसली आणि खायला लागली. आमचे हे मला नंतर म्हणाले, वीस वर्षं या खात्यात आहे, इथं कुणाच्या खाण्याचा आवाज कधी ऐकला नव्हता. त्या दिवशी तो सगळ्यांना ऐकू येत होता.

अक्कांचा तुकडा संपला. त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, "आजून द्या."